शेवटचा भोंगा

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या, कारण हे सांगताना अर्ध्यात माझंच हसू संपतं. आमच्या बोनकोड्यात हा किस्सा आता लहान पोरांनाही पाठ आहे. मी पानटपरीवर गेलो की कोणीतरी गंभीर तोंड करून उजवा हात वर नेतो, सावकाश खाली आणतो, आणि बाकीच्यांना खोकला लागतो. तुम्ही बाहेरचे, म्हणून म्हटलं माझ्याच तोंडून ऐका. दुसरा कोणी सांगेल तर मीठमसाला लावेल, आणि याला मसाल्याची काही गरज नाही.

तर हा माझा उजवा हात. याला गावात मान आहे. म्हणजे होता.

आमच्याकडे लग्नात बेंजो, म्हणजे ढोलताशावाल्या वाजंत्र्यांची पार्टी, मांडवाच्या बाहेर, टेम्पोवर असतो. आत भटजी काय म्हणतोय ते त्यांना ऐकू येत नाही. म्हणून मांडवाच्या दारात एक माणूस हात वर करून उभा करतात. शेवटचं मंगलाष्टक संपलं, अंतरपाट दूर झाला, की त्यानं हात खाली आणायचा आणि त्याच क्षणी बेंजो सुरू. जरा आधी वाजला तर अक्षता लोकांच्या हातातच राहतात, उशीर झाला तर नवऱ्याची आत्या रुसते. हे काम गावानं माझ्यावर सोपवलेलं. एवढी लग्नं लावली, माझा हात कधी चुकला नाही. त्यातली काही लग्नं चुकली, पण तो माझा दोष नाही.

आता माझी मुलगी ऋतुजा. बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला. आमच्या घरात सगळे कबड्डीवाले, हिनं कॉलेजात जाऊन बास्केटबॉल धरला. मी म्हटलं, अगं, ज्या खेळात माणसाला हात लावला की फाऊल, तो कसला खेळ? पण पोरगी ऐकेल तर शपथ. पहाटे उठून जायची, अंधार पडल्यावर यायची, कोपराला कायम खरचटलेलं. तिला त्या टीममध्ये काय मिळालं होतं ते मला कळत नव्हतं. पण घरात एरवी चार शब्द न बोलणारी ती मुलगी जेवताना मॅचबद्दल बोलायला लागली की भाकरी गार व्हायची, एवढं मला दिसत होतं.

आणि टीम कशी, म्हणाल तर, हरण्यात तिचा हात कोणी धरला नसता. त्या वर्षी सगळ्या कॉलेजांकडून हरून झालं होतं. फक्त एक मॅच उरली होती, पलीकडच्या सेक्टरमधल्या कॉलेजबरोबर. ते आमचे जुने वैरी, आणि तेही सगळ्यांकडून हरलेले. दोघींना हरवता येईल अशी एकच टीम जगात उरली होती, ती म्हणजे समोरची.

हसण्यासारखं असतं तर हसलो असतो. पण प्रिन्सिपॉलसाहेबांनी सांगून टाकलं होतं: तळाला राहिलात तर पुढच्या वर्षी मुलींची टीम बंद, आणि त्या कोर्टावर टू-व्हीलरचं पार्किंग. पांढऱ्या रंगाचे डबे ऑफिसबाहेर आणूनही ठेवले होते. ऋतुजा रोज त्या डब्यांवरून प्रॅक्टिसला जायची. तिचं शेवटचं वर्ष बाकी होतं आणि त्या वर्षी कॅप्टन ती होणार होती.

बापाच्या मनात आलं, पोरीसाठी आपण काय करू शकतो? बास्केटबॉलमधलं तर ओ की ठो कळत नाही. पण बेंजो आणू शकतो. आमचा चुलतभाऊ बाळाराम, त्याची बेंजो पार्टी. त्याला म्हटलं, मॅच जिंकली की अशी वाजव की प्रिन्सिपॉलला लाज वाटली पाहिजे.

ऋतुजा म्हणाली, "पप्पा, बेंजो नको." दोन दिवस नको नको म्हणाली. मी तोंड पाडून बसलो तेव्हा विरघळली. "बरं, पण मॅच संपल्यावरच. शेवटचा हूटर झाल्यावर." मी तिच्या डोक्यावर हात ठेवून कबूल केलं. हाच हात.

कॉलेज रबाळ्याच्या एमआयडीसीला अगदी चिकटून. कंपाउंडच्या पलीकडे कंपन्याच कंपन्या, त्यातली एक माझी. मी तिथे डिस्पॅचला आहे. त्या दिवशी अर्धी रजा टाकून गेलो. बाळारामचा टेम्पो गेटबाहेर भिंतीच्या आड लावला, म्हणजे प्रिन्सिपॉलच्या नजरेला नको. त्याला कोर्ट दिसत नव्हतं, पण मी गेटापाशी पायरीवर उभा राहिलो की मी दिसत होतो. ठरलं आपलं नेहमीचंच: हात वर आहे तोवर गप्प, हात खाली आला की सुरू.

ऋतुजाच्या टीमच्या कोच जाधव मॅडम साताऱ्याकडच्या, सरळ बाई. बेंजो बघून त्यांच्या कपाळाला आठी पडली. मॅच चालू असताना टुणकन् आवाज आला तर रेफरी आपल्यालाच धरेल, म्हणाल्या. मी म्हटलं, मॅडम, या हातावर अख्ख्या गावाची लग्नं लागली आहेत.

समोरच्यांची बस महाप्याच्या पुलाखाली अडकली, त्यामुळे मॅच चांगलीच उशिरा सुरू झाली. हे लक्षात ठेवा. मी ठेवलं नाही.

खेळाचं काय सांगू. दोन्हीकडच्या मुली जीव तोडून पळत होत्या आणि बॉल रिंग सोडून सगळीकडे जात होता. एकदा तर वॉचमनच्या केबिनमध्ये गेला. अर्धी मॅच झाली तरी दोघींचे मिळून जेवढे पॉइंट झाले तेवढे आमच्याकडे एक चांगला रेडर दोन चढायांत आणतो. बघायला बारा-पंधरा माणसं, त्यातली निम्मी पार्किंगची जागा बघायला आलेली. एक सर तर मधेच उठून कोर्टाच्या कडेनं पावलं टाकून मोजत होते. माझ्या पोरीच्या डोळ्यांसमोर. त्या सरांचा मला असा राग आला की काय सांगू.

प्रत्येक भाग संपला की टेबलावरचा मुलगा एक छोटा भोंगा दाबायचा. कुल्फीवाल्याच्या भोंग्याची आठवण यावी असा आवाज. तोच हूटर. तीन वेळा ऐकला, चौथा झाला की मॅच संपणार, एवढा हिशेब मला समजला होता.

चौथ्या भागात आम्ही मागे होतो. वेळ संपत आलेली. आणि ऋतुजानं समोरच्या पोरीच्या हातातून बॉल अलगद काढला. माझी पोरगी ठेंगणी, पण खाली वाकून अशी घुसली की तिचा आजा चढाईला जायचा त्याची आठवण झाली. एकटी पळत सुटली, उडी मारली, बॉल रिंगवर दोनदा नाचला आणि आत पडला. आम्ही एका पॉइंटनं पुढे. अख्ख्या वर्षात पहिल्यांदा.

आता बॉल त्यांच्याकडे, आणि सेकंद उरलेले थोडे. मला ते बघवेना. मी कोर्टाकडे पाठ केली, गेटाकडे तोंड केलं, हात वर नेला, डोळे मिटले आणि गावदेवीचं नाव घेतलं. बाळाराम माझ्याकडे टक लावून बसलेला. मांडवात उभा राहतो तसाच मी उभा होतो.

आणि भोंगा झाला.

मोठा, लांबलचक, छातीत घुमणारा. मागचे तीन भोंगे पीं करून संपले होते. मला वाटलं, शेवटचा आहे, म्हणून मोठा वाजवला असेल. अहो, हसू नका, त्या घडीला मला ते अगदी योग्य वाटलं. पोरींनी एवढी मेहनत केली, शेवट जरा दणक्यात नको?

हात खाली आला. बाळाराम सुरू झाला.

मी वळून बघितलं तर आमच्या पोरी एकमेकींच्या गळ्यात पडलेल्या. बेंजो वाजला म्हणजे जिंकलो, असं ऋतुजानंच त्यांना सांगून ठेवलं होतं. त्या ढोलताशाच्या आवाजात हूटर झाला की नाही हे कोणाला कळणार? ऋतुजा दोन्ही हात वर करून माझ्याकडे बघून हसत होती. तिचं ते हसणं मी मरेपर्यंत विसरणार नाही.

कारण तिच्या मागून समोरच्या टीमची एक काटकुळी पोरगी बॉल घेऊन सावकाश चालल्यासारखी गेली. तिला अडवायला कोणीच नव्हतं. रिंगखाली उभी राहिली, नेम धरला आणि बॉल टाकला. आत. मग टेबलावरच्या पोरानं भोंगा दाबला. पीं.

तो पहिला मोठा भोंगा कुठला, हे तुमच्या लक्षात आलं असेल. भिंतीपलीकडचा. शिफ्ट सुटल्याचा. माझ्याच कंपनीचा! जो भोंगा ऐकून मी रोज डबा उचलतो, ज्याची दुपारपासून वाट बघतो, झोपेतही ज्याला ओळखेन अशी माझी खात्री होती, तो मला ओळखता आला नाही. एरवी मॅच वेळेवर सुरू झाली असती तर तो भोंगा व्हायच्या आत संपलीही असती.

जाधव मॅडम रेफरीशी भांडल्या. रेफरीचं एकच म्हणणं, शिटी मी मारली नव्हती, घड्याळ चालू होतं, बॉल आत गेला. आणि बेंजो कोणाचा? तुमचाच ना? मग मॅडम माझ्यापाशी आल्या. मला वाटलं शिव्या देतील. त्या एवढंच म्हणाल्या, "अहो दादा, पोरी अजून खेळत होत्या की हो."

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

आणि हे सगळं चालू असताना बेंजो वाजतच होता. भिंतीआडून बाळारामला काही दिसत नव्हतं. गेटातून नाचत बाहेर आलेल्या मुली त्याला दिसल्या, तो आणखी पेटला. त्या मुली समोरच्या टीमच्या. आमच्या कॉलेजच्या दारात, माझ्या बेंजोवर, वैरी नाचत होते. मी धावत जाऊन त्याच्या कानात ओरडलो, बंद कर, हरलो आपण.

"हरलाव?" बाळाराम ताशावरून नजर न काढता म्हणाला. "तं काय झाला? घरच्या दारान आरती व्हईपर्यंत बेंजो थांबवाचा नाय. मधीच थांबवला तं अपशकुन हाय."

याहून मोठा अपशकुन कोणता शिल्लक होता ते मला सुचेना. पण तो त्याचा नेम, बापापासून चालत आलेला. तो काही मोडला नाही.

मग निघाली आमची मिरवणूक. पुढे मी स्कूटरवर, मागे ऋतुजा, तिच्या मागे टेम्पो. रबाळ्यापासून बोनकोड्यापर्यंत, सिग्नलला थांबलो तरी वाजतच. सोसायट्यांच्या गॅलऱ्यांत लोक आले. पोरीच्या अंगात जर्सी बघून कोणी टाळ्या वाजवल्या, कोणी अंगठा दाखवला. मी मान खाली घालून गाडी चालवत होतो. पाठीमागे ती रडत होती का, हे मला बेंजोमुळे ऐकू येत नव्हतं, आणि वळून बघायची हिंमत नव्हती.

घरी तिच्या आईनं लांबूनच बेंजो ऐकला. बिचारीला वाटलं, जिंकले. दारात रांगोळी, हातात आरतीचं ताट, शेजारच्या बायका गोळा. आम्ही उतरलो. मी म्हटलं, हरलो. बाळाराम वाजवत होता, म्हणून मला ते ओरडून सांगावं लागलं. दोनदा.

पण ताटातला दिवा लावलेला, आणि लावलेला दिवा न ओवाळता आत न्यायचा नाही, ही आमच्या घरची रीत. आई बघते पोरीकडे, पोरगी बघते जमिनीकडे. आणि ओवाळल्याशिवाय बाळाराम थांबणार नाही.

शेवटी ऋतुजानं आईच्या हातातून ताट घेतलं. माझ्यासमोर उभी राहिली. माझ्या कपाळाला कुंकू लावलं, अक्षता लावल्या, तीनदा ओवाळलं. ताट आईला परत दिलं आणि आत गेली. बेंजो थांबला. आणि ती शांतता पसरल्यावर मला रडू आलं, सगळ्या बायकांच्या देखत, कपाळावर कुंकू घेऊन.

पुढे बरेच दिवस पोरगी माझ्याशी बोलली नाही. भाजी वाढू का, हे सुद्धा आईकडून विचारायची. गावात पुढचं लग्न आलं तेव्हा मांडवाच्या दारात दुसराच माणूस उभा होता. मी आत बसलो, दोन्ही हात मांडीखाली घेऊन.

नवं वर्ष सुरू झालं. त्या दिवशी तिच्याकडे पुस्तकांची जड पिशवी होती, म्हणून मी तिला स्कूटरवर सोडायला गेलो. कोर्टावर पांढरे पट्टे मारून झाले होते. गाड्यांची रांग लागलेली, दोन्ही रिंगा तेवढ्या काढायच्या राहून गेलेल्या. पिशवी आत नेऊन द्यायची तर गाडी लावणं भाग होतं. मी इकडेतिकडे बघत होतो.

"रिंगखाली लावा, पप्पा," ऋतुजा म्हणाली. एवढ्या दिवसांनी पहिल्यांदा बोलली. "ती जागा तुमच्याच हातची हाय."

मी गाडी रिंगखाली लावली. तेवढ्यात भिंतीपलीकडे कंपनीचा भोंगा झाला, सकाळच्या शिफ्टचा. मला उशीर झाला होता. पण या वेळी मी तो बरोबर ओळखला.