सगळा तालुका गुलाबी

"तिला साड्या रंगवू दे. चेहऱ्याला हात लावू देऊ नकोस."

मामंजी ह्यांना सांगत होते, पडद्याच्या पुढे. मी पडद्यामागे ब्रश धूत होते. ह्या पडद्यावर राजवाडा, तळं आणि दोन हंस आहेत. त्याच्यासमोर बसून सगळा महाड तालुका फोटो काढून घेतो. राजवाडा दिसायला भक्कम, पण बोलणं आरपार जातं.

तुडीलहून लग्न होऊन आले ती थेट ह्या फोटो स्टुडिओच्या घरात. इथे माणूस ठेवणीतले कपडे घालून येतो, श्वास रोखून बसतो आणि जाताना एखादा किस्सा ठेवून जातो. साठवायचे म्हटले तर फडताळ पुरायचं नाही.

आमच्याकडे फोटो निघतो काळापांढरा. रंगीत हवा असेल तर वरून रंग द्यायचा, आणि ते काम मामंजींचं. चेहऱ्याला त्यांचा एकच रंग, गुलाबी. मास्तर असो की नांगर धरणारा, सगळे एकाच बशीतून निघतात. ह्यांनी एकदा विचारून पाहिलं, तर म्हणाले, "खरा रंग आरशात फुकट दिसतो. त्यासाठी आपल्याकडे कोण येईल?"

तर माझ्या वाट्याला साड्या.

पहिली साडी पोलादपूरच्या एका कापडदुकानदाराच्या सुनेची. मला बाजूला घेऊन म्हणाली, "हिरवीगार करा हो. दुकान घरचं आहे, पण सासूबाई एक हिरवी साडी काढून देत नाहीत. फोटोत तरी नेसते."

मी हिरवी केली, वर जरीचे काठ दिले. फोटो न्यायला सासूच बरोबर आली. बराच वेळ निरखून म्हणाली, "ही आपल्या दुकानातली नाही. कुठून आणलीस गं?"

सासू साडीकडे बघत होती आणि मी फोटोतल्या सुनेच्या गुलाबी चेहऱ्याकडे. साडी खरी वाटत होती आणि बाई खोटी.

तेव्हापासून वाया गेलेल्या प्रती मी ह्यांच्याकडून मागून घेऊ लागले. दुपारी मामंजी लवंडले की चेहरे रंगवायचे. पहिले सगळे कावीळ झाल्यासारखे आले. करता करता कळलं, सावळ्या रंगात किंचित हिरवा लागतो आणि कानाच्या पाळीला लाल. मग ह्यांचाच एक फोटो केला.

"अगं, मी एवढा सावळा आहे?"

"आहात."

तो फोटो ह्यांनी लपवून ठेवला. आरसा कुठे लपवणार?

कशेडी घाटात दरड आली की ट्रक अडकतात आणि ड्रायव्हर वेळ काढायला आमच्याकडे येतात. असाच एक आला, कपाळावर मोठा व्रण. मामंजींनी तो गुलाबीखाली गाडून टाकला. ड्रायव्हर म्हणाला, "शेठ, ब्रेक गेला तवा गाडी दगडावर घातली, मानसं वाचवली. ती खूण पुसलीत तर घरी दाखवू काय?"

मामंजींनी व्रण पुन्हा काढला. तोही गुलाबी.

आणि मग वरंधचा एक शेतकरी. आई वारलेली. तिचा एकच फोटो होता, तो मुंबईहून मोठा करून आणलेला. मामंजींनी अगदी मन लावून रंगवला. शेतकरी न्यायला आला, बघत राहिला.

"म्हातारी चांगली हाय. पन माजी आय नाय."

"अरे, तुझ्याच फोटोवर केलंय."

"नाक तिचं हाय. ती नाय."

फोटो तिथेच ठेवून तो दाराकडे वळला. मी पडद्यामागून पुढे आले. गिऱ्हाईकासमोर तोवर कधी आले नव्हते.

"रंगानं कशी होती?"

"तव्यावरच्या नाचणीच्या भाकरीवानी, ताई."

मी ओल्या कापसाने मामंजींचा गुलाबी उतरवला आणि सगळ्यांच्या देखत रंगवायला खाली बसले. तो समोर उकिडवा बसून राहिला. हे दारात उभे.

झाल्यावर त्याने डोक्यावरची टोपी काढली. फोटो उपरण्यात गुंडाळून काखेत धरला आणि म्हणाला, "चल आये, यस्टी चुकंल."

तो गेल्यावर मामंजी बराच वेळ ती गुलाबी बशी धूत बसले. शेवटी म्हणाले, "सूनबाई, उद्यापासून म्हातारी माणसं तू कर. बाकीचे चेहरे मी बघतो."

मी पदर सारखा केला.

"मामंजी, चेहरे सगळेच मी करीन. साड्या तुम्ही बघा."