पिस्टन घासत नाहीत

आयुष्यात पहिल्यांदाच मी इंजिन उघडलं, आमच्या जुन्या स्कूटरचं. ताकद वाढवायची म्हणून किंचित मोठा पिस्टन आणला, तर तो सिलिंडरमध्ये जाईना. लेथवाल्याने सिलिंडर उजेडाकडे धरून आत पाहिलं.

"आतून घासावा लागेल, ताई."

"त्यापेक्षा पिस्टनच थोडा घासला तर?"

तो हसला. "पिस्टन घासत नाहीत. घासायचा तो सिलिंडरच. हा आधी तीनदा घासलाय. आता ही शेवटची वेळ. पुढे भिंतच उरायची नाही."

मी आतून बोट फिरवलं. गुळगुळीत होतं. किती धातू गेला, ते हाताला कळत नव्हतं. लग्नानंतर यांच्या बदल्यांपायी मी तीन नोकऱ्या सोडल्या. दर वेळी लोक म्हणाले, किती छान जुळवून घेते!

घरी आले तर हे म्हणाले, "मी रिटायर झालो की गावी राहायचं. भावाला शब्द दिलाय. तू काय, घेशील जुळवून."

माझ्या चौथ्या नोकरीची अजून आठ वर्षं बाकी आहेत.

"या वेळी पिस्टन घासा," मी म्हणाले.

पेपरातून डोकं वर न काढता ते म्हणाले, "वेडी की काय! पिस्टन कुणी घासतं का?"