शिवणीची ओली फळी

लातूरहून निघाले तेव्हा पिशवीत एक फूटपट्टी, हव्या त्या फळीचं कच्चं चित्र आणि पापडासारखी वाकलेली आंब्याची फळी होती. सुताराला दाखवायला घेतली होती ती, असलं लाकूड नको म्हणून! तिच्यावर मी मरियम रंगवली होती. मे महिन्यात लाकूड फिरलं आणि देवमातेच्या नाकावरचा थरच उडाला. मी रडकुंडीला आले, आणि लिस्सी पोट धरून हसत सुटली.

लिस्सी माझी शेजारीण. मूळची केरळची, ऑर्थोडॉक्स ख्रिश्चन. तीस वर्षं लातुरात नर्स होती, आता निवृत्त झाली. भावानं गावाकडं तिच्यासाठी खोली बांधलीय. तिच्याचबरोबर कोट्टायमला गेले असताना मी आयकॉन (लाकडी फळीवर रंगवलेलं पूजेचं चित्र) काढायला शिकले. "तुझ्या हातची मरियम घेतल्याशिवाय लातूर सोडणार नाही," असं ती बोलून बसलीय. म्हणजे चांगली फळी मिळाली की लिस्सी चालली! पण हे निघताना माझ्या डोक्यातच आलं नाही. चित्रकलेच्या निवृत्त बाई एकट्या लाकूड शोधायला निघाल्या, या खुशीतच मी होते.

नांदेडला वखारीतल्या शेटनी सागवान पुढं केलं. "तेलकट असतं हो, त्यावर खडू-सरसाचा थर बसत नाही," मी म्हणाले.

"मग शिवण बघा. लई गुणाचं लाकूड, वाकत न्हाई. इस्लापूरला गफूरमामा सुतार हायेत, त्यांच्याकडं जा."

लगेच बस धरली. हिमायतनगरला पाच मिनिटं थांबली, तेवढ्यात मी फळी बगलेत मारून भजी खायला उतरले. कसली खमंग भजी! मिरची तोंडात असतानाच बस हलली आणि मी पळत सुटले. पाठोपाठ भजीवाला. "ओ ताई, पाट राहिला तुमचा!" त्यानं खिडकीतून वाकडी फळी आत ढकलली. अख्खी बस हसली, मीही हसले.

पुढं दोन्ही बाजूंना सागाचं रान लागलं. परातीएवढी वाळकी पानं रस्त्याकडेला पडली होती. इस्लापूरला उतरले तर जो तो विचारी, "सहस्रकुंडाचा धबधबा बघायला आलात?"

"नाही, फळी बघायला!"

गफूरमामांनी दोऱ्यानं बांधलेला चष्मा सावरून माझं चित्र पाहिलं. कडा उंच, मध्ये खोलगट. "ही तर काथवट हाय!" काथवट म्हणजे भाकरीचं पीठ मळायची लाकडी परात.

"अहो मामा, या खोलगटात मरियम रंगवायची."

"बीबी मरियम?" मामांनी हात झटकून स्वच्छ पुसले आणि आतून दोन फळ्या आणल्या. "ही चार वर्षं सावलीत वाळलेली. आज न्या, उद्या रंगवा. अन् ही औंदा कापलेली, ओली. हिला वरीसभर हात लावायचा न्हाई."

मी वाळलेलीवर बोटानं टिचकी मारली. टण्ण! सरळ, हलकी, एक गाठ नाही. हीच, म्हणायला तोंड उघडलं आणि डोळ्यांसमोर शेजारचं दार आलं, कुलूप लावलेलं. मला लिस्सी जायला नको होती. आणि दुसऱ्याच क्षणी मला हसू फुटलं.

"ओली द्या, मामा."

"कामून (का)?" मामा बघतच राहिले. "लोक वाळलेली मागून राहिले, अन् तुम्ही ओली!"

"बीबी मरियमला कुठं घाई आहे?"

"तिला न्हाई की तुम्हाला न्हाई?" मामा मिश्कील हसले. फळी तडकू नये म्हणून त्यांनी दोन्ही टोकांना मेण फासून दिलं. त्यांच्या घरच्यांनी भाकरी-ठेचा खाऊ घातल्याशिवाय सोडलं नाही.

परतीच्या बसमध्ये कंडक्टरनं विचारलं, "मावशी, कॅरम का?" मी हो म्हणून टाकलं. नांदेडपर्यंत गुदगुल्या होत होत्या, पुढं मात्र मन खायला लागलं. लिस्सीचा भाऊ तिकडं वाट बघतोय आणि मी इकडं हा आचरटपणा करतेय. प्रवासात माणूस स्वतःलाच फार शहाणा वाटतो, घर जवळ आलं की खरं काय ते कळतं. लातूर येईपर्यंत ठरवलं, सगळं सांगून टाकायचं.

लिस्सीनं फळी नाकाशी नेली. "ओली आहे."

"वाळलेली होती गं. मीच घेतली नाही. तू जाऊ नयेस म्हणून."

तिनं फळी उलटसुलट करून पाहिली.

"वाळायला किती दिवस?"

"मामा म्हणाले, इंचाला एक वर्ष."

तिनं कडेवर अंगठा ठेवून जाडी मोजली आणि माझ्यावर डोळे वटारले.

"इंचभरच आहे ही. जाड का नाही आणलीस?"