लोंबीची दुसरी आवृत्ती

सुलोचना भंडाऱ्याच्या एका कॉलेजात गणित शिकवायची. माहेर पवनीकडचं, घरी धानाची शेती. लग्न केलं नव्हतं आणि त्याबद्दल कोणी विचारलेलं तिला खपत नसे. राग आला तरी ती भांडायची नाही. तिचा राग आत साचत राहायचा.

१९८६ साली गावातल्या ओळखीच्या खुशालनं आपल्या टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये कॉम्प्युटर आणला. विद्यार्थी वाढतील म्हणून त्यानं तो घेतला खरा, पण चालवायचा कसा ते त्याला ठाऊक नव्हतं. सुलोचना नागपूरहून पुस्तकं घेऊन आली आणि स्वतःच शिकली. कॉलेज सुटलं की दुपारी ती तिथंच बसायची. खुशाल चहा मागवायचा. "ताई, तुम्ही आहा म्हणून या मशीनचं सार्थक," म्हणायचा.

त्या मशीनवर मराठी छापता येत नव्हतं. सुलोचनानं एकेक अक्षर ठिपक्याठिपक्यांनी काढलं. जोडाक्षरं, वेलांट्या, रफार, सगळ्यांसाठी प्रोग्रामचे छोटे छोटे तुकडे लिहिले. ज्याला मराठीत काही छापायचं असेल त्यानं ते तुकडे आपल्या प्रोग्रामला जोडावेत, की काम झालं. अशा संचाला लायब्ररी म्हणतात. तिनं तिचं नाव ठेवलं 'लोंबी'. पहिली आवृत्ती तिनं ओळखीच्या दोन-चार प्राध्यापकांना फ्लॉपीवर दिली. खुशालच्या मशीनमध्ये तर ती होतीच.

मग खुशालनं नागपुरात कॉम्प्युटरचं दुकान थाटलं आणि त्यांच्या भेटी कमी झाल्या. पुढच्या वर्षी कॉलेजात एका कार्यालयाचं मराठी परिपत्रक आलं, कॉम्प्युटरवर छापलेलं. सुलोचना वाचता वाचता 'ळ'शी थांबली. त्याची डावी गाठ खाली लोंबत होती. ती चूक तिचीच होती, दुरुस्त करायची राहून गेली होती. चौकशी केली तेव्हा कळलं, की खुशाल हीच लायब्ररी 'शाही अक्षर' या नावानं विकतो. मूळ प्रोग्राम कोणाला दिसू नये म्हणून त्यावर कुलूप घातलंय, आणि जाहिरातीत लिहिलंय, 'आमच्या स्वतःच्या संशोधनातून'.

ती नागपूरला गेली. खुशालनं बसायला खुर्ची दिली आणि हसत सांगितलं, की मशीन त्याची होती, वीज त्याची होती, तेव्हा त्यातून निघालेला मालही त्याचाच. कोर्टात जायचं तर बेलाशक जा. ती परत आली. आठवडाभर तिला जेवण गोड लागलं नाही.

त्याच सुमारास कॉलेजात कॉम्प्युटर आला. सुलोचना दिवाळीच्या सुटीत घरी गेली नाही. लोंबीचा तुकडान् तुकडा तिनं उलगडून पुन्हा लिहिला. सगळ्यात आधी 'ळ' दुरुस्त केला. खुशालच्या प्रोग्रामला जे जमत नव्हतं ते नेमकं शोधून लोंबीत घातलं. वेगवेगळ्या बनावटीचे प्रिंटर चालावेत म्हणून जिथं प्रिंटर असेल तिथं जाऊन ती तपासायची. चिखल्याच्या मँगनीज खाणीच्या कचेरीत रुंद कागदाचा प्रिंटर आहे असं कळलं, तेव्हा एसटीनं तिकडे गेली. तिथले कारकून केशवराव यांनी साहेब जेवायला गेल्यावर तिला तो वापरू दिला. अक्षरं निम्मीच उमटली. ती पुन्हा भंडाऱ्याला आली, दुरुस्ती केली, पुन्हा गेली. तिसऱ्या खेपेला कागदावर मराठी स्वच्छ उमटलं.

सोबत मराठीत वापरायची पद्धत लिहिली. मूळ प्रोग्राम उघडा ठेवला, आणि पहिल्या फ्लॉपीवर वरच लिहिलं: 'ही लायब्ररी कोणीही वापरावी, बदलावी, दुसऱ्याला द्यावी. सुधारणा केली तर तीही अशीच उघडी ठेवावी. कुलूप लावू नये.' लोकांना ही उदारता वाटली. सुलोचनाच्या मनात उदारता नव्हती. जे फुकट मिळतं ते खुशालकडून कोण घेणार, एवढंच तिनं पाहिलं होतं.

तारीखही तिनं ठरवूनच निवडली. नागपूरच्या कॉम्प्युटर प्रदर्शनात खुशाल 'शाही अक्षर'ची नवी आवृत्ती दाखवणार होता. त्याच्या गाळ्यासमोर रिकामं टेबल मिळालं. तिनं प्रिंटर लावला, फ्लॉप्या मांडल्या आणि येणाऱ्याला त्याचंच नाव मराठीत छापून द्यायला लागली. आधी विद्यार्थी जमले, मग कार्यालयातले साहेब समोरचा गाळा सोडून इकडे आले. एकानं विचारलं, यात आणि समोरच्यात फरक काय? सुलोचना म्हणाली, "त्यांच्या 'ळ'कडे पाहा. ती माझी जुनी चूक आहे. चोरताना ती त्यांना समजली नाही."

साहेब खुशालच्या गाळ्यावर गेले, छापील कागद उचलून पाहिला आणि ठेवून दिला.

दुपारी खुशाल तिच्या टेबलाशी आला. त्याचा आवाज खाली गेला होता.

"फुकट काहून वाटून राहिली तू? आपण दोघं मिळून विकलं असतं."

"तुले पण देतो म्हटलं," ती म्हणाली आणि एक फ्लॉपी त्याच्यापुढे सरकवली. "घेऊन जा. यावेळी चोरा नाई लागत."

त्यानं ती घेतली नाही. तिला त्या क्षणी जे सुख झालं, तसं नोकरी लागली तेव्हाही झालं नव्हतं, असं ती पुढे सांगायची.

वर्षभरात खुशालचं नागपूरचं दुकान बंद पडलं. पाठोपाठ भंडाऱ्याची इन्स्टिट्यूटही. तिथं मुलींना टायपिंग शिकवणाऱ्या मंदाबाईंचं काम गेलं. त्या सुलोचनाला आधीपासून ओळखत होत्या, कितीदा त्यांनीच तिच्यापुढे चहा ठेवला होता. सुलोचनानं त्यांच्यासाठी कॉलेजात शब्द टाकला, पण जागा नव्हती.

लोंबी मात्र पसरली. अमरावतीहून, जळगावहून लोक दुरुस्त्या पाठवू लागले. तिसऱ्या आवृत्तीत सुलोचनानं सगळ्यांची नावं घातली, चिखल्याच्या केशवरावांचंही. तो कागद मंदाबाईंनी वाचला आणि विचारलं, "बाई, खुशालभाऊचं नाव नाई घातलं? त्याच्याच मशीनवर शिकल्या ना तुम्ही?"

सुलोचनानं तो कागद परत घेतला.

"शिकली," ती म्हणाली. "म्हणूनच नाई घातलं. नाव दिसलं, तर मालही आपलाच म्हणेल तो."