सरनोबत सरांची पेपरवाटणी

जात मोडायची कशी, हे प्रा. आकाराम सरनोबतांनी आयुष्यभर शिकवलं. आणि समोरच्याची जात ओळखणं त्यांना पहिला चहा निवायच्या आत जमे.

आमच्या कॉलेजात ते समाजशास्त्राचे विभागप्रमुख होते. मी त्यांच्या हाताखाली तासिका तत्त्वावर शिकवत होतो. म्हणजे तास माझे आणि तत्त्व त्यांचं. तरुणपणी सर शिवाजी पेठेतल्या एका तालमीच्या संघाकडून फुटबॉल खेळलेले. पुढं बूट सुटले, पोट सुटलं, पण टीम लावायची खोड काही सुटली नाही. एम.ए.ला कोणी कुठला ऐच्छिक पेपर घ्यायचा, लघुप्रबंध कशावर लिहायचा, हे नियमाप्रमाणं विद्यार्थ्यानं ठरवायचं असतं. आमच्याकडं ते सर ठरवत, आणि सर ते आडनावावरून ठरवत.

पाटील, शिंदे, भोसले आला की ग्रामीण समाजशास्त्र. कुलकर्ण्याच्या गळ्यात सिद्धांत, कारण ‘त्यांचं पाठांतर चांगलं असतंय’. शहाला औद्योगिक, मुल्लाला अल्पसंख्याक. मुलगी कुठल्याही घरातली असो, तिला ‘विवाह आणि कुटुंब’. तिचं आडनाव काय, बदलणारच आहे. आणि कांबळे म्हटलं की सर फार प्रेमळ होत. ‘उपेक्षित समाजघटक’ हा पेपर ते इतक्या मायेनं देत की नको म्हणायची पोराला लाज वाटे.

ही वाटणी ऑफिसात होत नसे. आषाढातल्या एका रविवारी सर अख्ख्या वर्गाला घरी जेवायला बोलवत. आधी गच्चीवर पेपर, मग खाली मटण. सरांची थोरली बहीण, आक्का, पहाटेपासून तांबड्या-पांढऱ्या रश्श्याच्या मागं असे. तिच्या हातचं एकदा जेवलेला पोरगा पुढं पेपर बदलून मागायला येत नसे. तोंडाला रस्सा लागलेल्या माणसाला तक्रार करणं जड जातं, हे सर चांगलं जाणून होते.

१९९८च्या त्या जेवणाला सम्राट शिंदे आला होता. गडहिंग्लजच्या बाजूचा, उंच, शांत पोरगा. गुणवत्तेवर खुल्या जागेतून प्रवेश मिळवलेला. त्याच्या फॉर्मवर सगळं लिहिलेलं होतं, पण फॉर्म वाचणं हे क्लार्कचं काम. सर माणूस वाचत.

“शिंदे? घर कुठं गावात?”

“वेशीपाशीच हाय, सर.”

“शेती?”

“हाय की. थोडा ऊस हाय.”

झालं. शिंदे, वेस, ऊस. वेशीला बाहेरची बाजूही असते, हे समाजशास्त्राच्या विभागप्रमुखांना सुचलं नाही. त्यात नाव सम्राट. सरांच्या डोळ्यांपुढं घोडा आणि तलवार उभी राहिली. सम्राटच्या वडिलांनी मात्र ते नाव अशोकावरून ठेवलं होतं.

सर इतके खूश झाले की आजवर कुणाला न विचारलेलं त्यांनी विचारलं. “लघुप्रबंध कशावर करायचं मनात हाय तुझ्या?”

“तोडीच्या पाळीवर, सर. कारखाना कुणाचा ऊस कवा तोडणार, ते कोण ठरिवतंय, कसं ठरिवतंय. आमचा ऊस दरसाल शेवटाला जातोय. तुरं येत्यात, वजन घटतंय. आमच्या मागनं ऊस लावलेल्यांचा आधी जातोय. बा म्हणतो, इचारायचं न्हाय. मला इचारायचं हाय.”

“शाब्बास!” सरांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. “हे आपल्याच पोरानं करायचं काम हाय. आमचं मेव्हणं संचालक हाईत कारखान्यात. ऑफिस उघडून देतो तुला. काय कागद बघायचं ते बघ!”

जिना उतरताना सम्राट माझ्याशी घडाघडा बोलत होता. दिवाळीच्या आत कागद बघायचे, मग तोडणीच्या टोळ्यांबरोबर फिरायचं, मग गावातल्या सगळ्या गल्ल्यांतून माहिती काढायची. इतकं मन लावून आखलेलं काम मी प्राध्यापकांतही पाहिलं नव्हतं. मला फार बरं वाटलं. आपल्या विभागात चुकून का होईना, समाजशास्त्र होणार होतं.

पंगत बसली. आक्का सम्राटच्या ताटात वाढता वाढता बोलायला लागली. “आई-बा पुनवंला वाडीला जात असतील की न्हाई, बाळ?” वाडी म्हणजे नृसिंहवाडी. सरनोबतांच्या घरची पौर्णिमा कधी चुकली नव्हती, त्यामुळं कुणाची चुकत असेल असं आक्काला वाटत नसे.

“न्हाई, आक्का. पुनवंला आम्ही विहारात जातो.”

लिंबू पिळता पिळता त्यानं हे सांगितलं, आज रविवार आहे असं सांगावं तसं. आक्का “बरं, बरं” म्हणाली आणि पुढच्या ताटाकडं वळली. सरांच्या हातातला भाकरीचा तुकडा मात्र रश्श्यात बुडाला तो तिथंच भिजत राहिला.

हात धुताना सरांनी सम्राटला बाजूला घेतलं. मी टॉवेल घेऊन मागंच उभा होतो.

“सम्राट, मी जरा इचार केला. कारखान्याचं काम लई किचकट हाय. तू आपला उपेक्षित घटक घे. तुझ्याजवळ अनुभव हाय.”

“उसाचा बी हाय की, सर.”

“तसं न्हवं रं. हल्ली कारखान्यात परक्या माणसाला कागद दावत न्हाईत. तुझ्या हिताचं सांगतोय मी.”

जेवायला बसताना आपलाच असलेला पोरगा हात धुवेपर्यंत परका झाला होता. मला संताप आला, आणि तो अजून उतरलेला नाही. सर वाईट वागले असं त्यांना स्वतःला जन्मात वाटलं नसतं. उलट त्यांनी आक्काला सांगून सम्राटसाठी पांढऱ्या रश्श्याचा डबा भरायला लावला. सम्राटनं डबा नेला नाही.

पेपर त्याला घ्यावा लागला. लघुप्रबंधाला मार्गदर्शक लागतो, आणि विभागात मार्गदर्शक एकच होता. विषय विचारल्यावर तो म्हणाला, “पाळी कशी लागती तेच बघतो, सर. फक्त उसाची न्हाई.” सरांनी पुढचं ऐकलं नाही, सही ठोकली. सही करणं यालाच आमच्याकडं मार्गदर्शन म्हणत.

दीड वर्ष तो जुन्या विद्यार्थ्यांना गाठत हिंडला. तुला कुठला पेपर पाहिजे होता आणि मिळाला कुठला, एवढंच विचारायचा. कुणी शाळेत मास्तर झाला होता, कुणी दूध संघात चिकटला होता. हसत हसत सांगायला लागायचे आणि मध्येच चहाचे पैसे द्यायला उठायचे. त्या दोन्ही हंगामांत त्याच्या वडिलांचा ऊस शेवटीच तुटला.

२०००च्या उन्हाळ्यात तोंडी परीक्षा झाली. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी लघुप्रबंध चक्क वाचला होता. आमच्याकडं तशी पद्धत नव्हती. सर शेजारी बसून मान डोलवत होते. काम शेवटी त्यांच्याच मार्गदर्शनाखाली झालं होतं.

“उत्तम काम आहे,” परीक्षक म्हणाले. “एका विभागात ऐच्छिक पेपर जातीनं वाटले जातात, हे तुम्ही दाखवलंय. पण इतका कडक नियम? एकही अपवाद सापडला नाही?”

“एक सापडला, सर. एका पोराला त्येला पाहिजे तो विषय मिळाला होता.”

“मग? त्याचं काम कसं झालं?”

“झालं न्हाई, सर. जेवणं होईस्तोवरच टिकलं.”

परीक्षक हसले. त्यांना वाटलं, पोरगा गमतीनं बोलतोय. सरनोबत सरांनी मात्र समोरचा लघुप्रबंध हळूच ओढून घेतला आणि पहिल्यांदाच उघडला.