नाबोरने परत बांधलेल्या झावळ्या

आमच्या वाळवंटातल्या झऱ्याकाठच्या गावात छप्पर शाकारावं तर नाबोरनंच. कामाला वाघ, पण कायम मूग गिळून बसलेला! "जेवलास का?" एवढं विचारलं तरी हा बाबा आधी आभाळाकडे बघणार.

त्या साली माझ्या चुलीवरच्या मांडवाचं छप्पर पार कुजलं होतं. मी प्रिस्का, एकटी बाई. वाटसरूंना मक्याच्या भाकऱ्या नि घेवडा रांधून घालते, त्यावर माझं पोट. समुद्रावरची वादळं यायच्या आत छप्पर व्हायलाच हवं होतं. झावळ्या तोडायच्या त्याही पौर्णिमेला, नाहीतर किडा लागतो. ही पौर्णिमा हुकली की संपलं!

पौर्णिमेच्या सकाळीच नाबोर माझ्या अंगणातल्या एकुलत्या ताडावर चढला आणि वरूनच म्हणाला, "बाई, कलांद्रियाचं घरटं आहे. पिल्लं आहेत."

मला का ठाऊक नव्हतं? नर पाखरू पिवळाधमक, गळा काळा, दिवसभर बडबड. मादी बिचारी ताडाचेच दोरे सोलते, पानाला चोचीनं भोकं पाडते आणि पानाच्या खालून घरटं शिवते. टाके माझ्यापेक्षा सरळ.

"मग? ताड माझा की तिचा?"

"दोघींचा," असं म्हणून त्यानं घरट्याचं तेवढं पान ठेवलं आणि कोवळा शेंडा सोडून बाकी ताड बोडका केला.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत अर्धं छप्पर झालं. तेवढ्यात माझ्या लक्षात आलं, बडबड बंद आहे. वर पाहिलं तर ऊन थेट घरट्यात शिरलेलं. मादी काठावर पंख पसरून उभी, चोच उघडी, धापा टाकतेय.

नाबोर छपरावरून उतरून ताडाखाली आला. "पान ठेवलं बाई, सावली नेली." मग हळूच म्हणाला, "झावळ्या परत हव्यात."

"कुठल्या?"

त्यानं माझ्या नव्या छपराकडे बोट दाखवलं.

"डोकं फिरलंय का तुझं? वादळ काय माझा जावई आहे, सांगितलं की थांबायला?"

त्यानं हॅट काढून हातात घेतली. वर ती धापा टाकतेय.

"ने मेल्या, ने! एकदाचं उघड्यावर टाक मला!"

त्यानं झावळ्या घायपाताच्या दोरीनं घरट्याभोवती बांधल्या. संध्याकाळी मादी आत गेली, आणि नर असा बडबडायला लागला, जणू सगळं त्यानंच केलं.

पिल्लं उडायच्या आधीच वादळ आलं. पाणी सरळ चुलीत. मी रडकुंडीला आले, तेवढ्यात नाबोर एक पत्रा घेऊन चिंब भिजत आला. पत्रा दोन्ही हातांनी चुलीवर धरून उभा राहिला, माझ्या भाकऱ्या होईपर्यंत.

"हात दुखत असतील."

"छे." पत्रा मात्र खाली खाली येत होता.

"जेवलास का?"

या खेपेला त्यानं आभाळाकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं. "नाही," म्हणाला.

त्याचे हात गुंतलेले. मग काय करणार? घास मीच भरवला.