यज्ञेश्वररावांचा अर्धा कोड

झाशीच्या सिव्हिल लाइन्समधले यज्ञेश्वरराव दूधवाल्याला त्याचंच दूध आधी घोटभर पाजतात, मग पातेलं पुढे करतात. चाळीस वर्षं कचेरीत रेकॉर्ड सांभाळल्यामुळे कोणताही कागद ते उलटा करून बघतात, लग्नपत्रिकासुद्धा.

फोनची काच फुटली तेव्हा सदर बाजारातल्या दुरुस्तीवाल्या मुकुलकडे देण्याआधी त्यांनी त्यातली ॲप, माहिती, सगळं पुसून टाकलं. आत काही नसेल तर हा चोरेल काय?

मुकुल म्हणाला, "अंकल जी, शीशा बदलना था. आपने तो घर ही खाली कर दिया."

"तुम्हें बुरा लगा न?" यज्ञेश्वरराव समाधानाने म्हणाले.

वाईट वाटायची पाळी त्यांच्यावर मंगळवारी आली. पुण्याच्या एका संस्थेचा फोन आला: झाशीतल्या जुन्या घराण्यांचे मोडी कागद वाचायला माणूस हवा, ईमेल पाठवलाय, शुक्रवारपर्यंत होकार द्या, नाहीतर दुसरा माणूस बघू. मोडी त्यांना वडिलांनी शिकवली होती, आणि तीस वर्षांत झाशीत कुणीही त्यांच्याकडून एक ओळ वाचून घेतली नव्हती.

पण ईमेल उघडेना. तो ज्या ॲपमधला आकडा मागत होता, ते ॲप पुसलेल्या फोनाबरोबर गेलं होतं. आपला नंबर त्यांनी ईमेलवाल्यांना कधी दिलाच नव्हता. दुसऱ्या पत्त्यावरून कळवू का, विचारलं तर पुण्याच्या बाई म्हणाल्या, "नाही हो, हल्ली कुणाचा भरवसा नसतो." संस्थेबद्दलचा त्यांचा आदर वाढला, अडचण तशीच राहिली.

"अडीअडचणीला ईमेल उघडायचे कोड छापून ठेवले होतेत ना?" त्यांच्या पत्नी अंबिकाबाईंनी विचारलं.

होते, पण अर्धे. देवळाच्या दागिन्यांच्या पेटीला दोन कुलपं, एक किल्ली यांच्या घरी, दुसरी दतिया गेटला राहणाऱ्या, यांच्याबरोबरच मोडी शिकलेल्या दामोदरपंतांकडे. तीच वहिवाट धरून यज्ञेश्वररावांनी कोडांचा कागद कात्रीने उभा कापला होता. आठ आकड्यांतले शेवटचे चार दामोदरपंतांकडे. आणि गेल्या नवरात्रात यादीत एक नथ कमी भरल्यापासून दोघांचं बोलणं बंद होतं. नथ पुढे सापडली. संशय कुठे ठेवायचा, हे दोघांनाही कळेना.

गुरुवारी ते सायकलवरून दतिया गेटला गेले.

"दामू, माझा अर्धा कागद दे. ईमेल उघडायचाय."

"तुझाच ना? मग माझ्याशिवाय उघडत कसा नाही?"

"चेष्टा नको. उद्या मुदत संपते. मोडीचं काम आहे."

दामोदरपंत चपला शोधू लागले. "कागद मिळणार नाही. मी येतो, मीच आकडे घालतो. तू पाठ फिरवायची."

घरी यज्ञेश्वररावांनी तळहाताआड चार आकडे घातले आणि भिंतीकडे तोंड केलं.

"त्या तसबिरीच्या काचेत दिसतंय तुला," दामोदरपंत म्हणाले. "उतरव."

तसबीर उतरली. अंबिकाबाई चहा ठेवून म्हणाल्या, "बँक लुटत नाही आहात ना? तेवढं सांगा फक्त."

ईमेल उघडला. पत्राच्या शेवटी लिहिलं होतं: वाचन तपासण्यासाठी दुसरा जाणकार असल्यास नाव कळवावे. यज्ञेश्वररावांनी होकार लिहिला, खाली 'कोणी नाही' असं लिहिलं आणि थांबले. मागून दामोदरपंत अक्षर न् अक्षर वाचत होते.

"माझी एक चुकलेली वेलांटी तरी सोडशील का तू?" यज्ञेश्वररावांनी विचारलं.

"एकही नाही."

त्यांनी 'कोणी नाही' खोडलं आणि दामोदरपंतांचं पूर्ण नाव घातलं. ते बरोबर लिहिलंय ना, हे दामोदरपंतांनी चष्मा पुसून दोनदा तपासलं, आणि मगच पाठवू दिलं.